ताडी, गर्द आणि कायद्याचा काटा

पालघर जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि समुद्राच्या कडेकडेने बोट फिरवा. एका खाडीच्या दक्षिण काठाला सातपाटी दिसेल आणि उत्तर काठाला मुरबे. दोन्ही गावे मासेमारीची. मुरब्याहून आणखी थोडे उत्तरेला सरकलात की बोईसर लागते, आणि त्याला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत. तेथे औषधे, रंग, रसायने, कापड यांचे कारखाने आहेत. या किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट मुबलक आहे, ती म्हणजे ताडाची झाडे. उन्हाळ्यात तुम्ही ताडगोळे आवडीने खाता. त्याच झाडाच्या शेंड्याला मडके बांधलेले तुम्ही पाहिले असेल.

मादक पदार्थांना कायद्याने कसा आवर घालावा, या प्रश्नावर जगभर वाद चालू आहे. व्यसन करणाऱ्याला तुरुंगात पाठवावे की दवाखान्यात? बंदी घातली म्हणजे नशा थांबते का? हा वाद वर्तमानपत्रांत बहुधा तावातावाने चालतो, पण त्यात रसायनशास्त्राचा आणि शरीरशास्त्राचा भाग किती मोठा आहे हे सहसा कोणी सांगत नाही. आपण तो भाग पाहू, आणि त्यासाठी त्या मडक्यापासूनच सुरुवात करू.

ताडाच्या फुलोऱ्याचे टोक धारदार कोयत्याने पातळसे छाटले की त्यातून गोड रस ठिबकू लागतो. या रसात सुमारे दहावा हिस्सा साखर असते. मडक्याला आतून चुन्याचा हात दिलेला असेल, तर रस गोडच राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर हवेतील आणि मडक्याच्या भिंतीला चिकटून बसलेले यीस्ट साखरेवर ताव मारू लागते. साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड होतात. म्हणून सूर चढले की मडक्यावर फेस दिसतो. संध्याकाळपर्यंत शेकडा चार-पाच भाग मद्यार्क तयार होतो आणि नीरेची ताडी झालेली असते. ती तशीच ठेवली तर दुसऱ्या जातीचे जीवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात आणि ताडी आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागते.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. ताडीला निसर्गानेच मर्यादा घालून दिलेली आहे. ती फार कडक होऊ शकत नाही, टिकत नाही, आणि लपवताही येत नाही. वीस लिटर ताडीत मद्यार्क असतो जेमतेम एक लिटर. ती नेण्यासाठी मोठे भांडे लागते आणि तिचा वास दुरून येतो. हीच ताडी भट्टीवर चढवून तिची वाफ थंड केली, तर तोच एक लिटर मद्यार्क अडीच लिटर कडक दारूत मावतो. वीस लिटरांचे अडीच लिटर झाले! ज्याला माल उघडपणे विकायचा आहे, त्याला या आकाराचे फारसे महत्त्व नाही. पण ज्याला तो पोलिसांची नजर चुकवून न्यायचा आहे, त्याच्या दृष्टीने हा आठपटींचा फरक फार मोठा आहे. पकडले जाण्याचा धोका सारखाच. मग पातळ माल नेण्यात अर्थ काय? अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती, तेव्हा नेमके हेच दिसले. बियर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. ही गोष्ट आपल्याला पुढे अफूतही भेटणार आहे.

आपल्याकडे तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पुढे महाराष्ट्राने तो बराच सैल केला, पण रद्द केला नाही. आजही कागदोपत्री दारू पिण्यास परवाना लागतो. तुमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तलासरीच्या पुढे गेलात की गुजरात लागतो. तेथे राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. आणखी थोडे पुढे दमण. तेथे दारू खुली. रेल्वेने दोन-अडीच तासांच्या टापूत एकाच मद्यार्काला तीन निरनिराळे कायदे लागू पडतात. मद्यार्काचा रेणू मात्र तिन्हीकडे तोच, दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांचा.

कायदा आणि रेणू यांची गाठ कशी पडते, हे मिथेनॉलने फार क्रूरपणे दाखवून दिले आहे. मिथेनॉल हा मद्यार्काचाच धाकटा भाऊ, त्यात एक कार्बन कमी. कारखान्यांत तो द्रावक म्हणून हजारो लिटरांनी वापरला जातो. वास आणि चव जवळजवळ सारखी, किंमत कमी. हातभट्टीवाले पैशाच्या लोभाने तो दारूत मिसळतात. शरीरातील ज्या विकरामुळे मद्यार्काचे विघटन होते, त्याच विकरामुळे मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. माणूस आंधळा होतो, पुष्कळदा मरतो. २००४ च्या डिसेंबरात मुंबईत विक्रोळी येथे अशा दारूने ८७ माणसे मेली. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली. ही सारी हातावर पोट असणारी, स्वस्त दारू पिणारी माणसे होती. आणि चमत्कार असा, की मिथेनॉलच्या विषबाधेवर डॉक्टर पूर्वीपासून शुद्ध मद्यार्कच देत आले आहेत. विकर मद्यार्कात गुंतून पडते, आणि मिथेनॉल तसेच्या तसे लघवीवाटे बाहेर जाण्यास वेळ मिळतो. आता याहून सोयीची औषधेही निघाली आहेत.

ताडीतही भेसळ होते. झाडे थोडी आणि गिऱ्हाइके फार झाली, की पाणी, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट नावाची पूड मिसळून ताडी ‘वाढवतात’. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८३२ साली प्रथम तयार केलेले हे द्रव्य एकेकाळी झोपेचे औषध म्हणून दिले जात असे. अशी ताडी पिणाऱ्याला व्यसन जडते ते ताडीचे नव्हे, त्या पुडीचे, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. २०१५ साली तेलंगणात भेसळीच्या ताडीवर एकाएकी कडक कारवाई झाली. विषारी माल बंद झाला, हे चांगलेच. पण काही दिवसांतच झटके येणारी, बरळणारी, थरथरणारी माणसे रुग्णालयांत येऊ लागली. मेंदूला सवय झालेले द्रव्य अचानक तोडल्याचा तो परिणाम होता. छापा घालणाऱ्याने रुग्णालयाला आगाऊ कळवले पाहिजे, असे मला वाटते ते यामुळेच.

आता अफूकडे वळू. दमणचे नाव येथेही येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यातील अफू चीनला जात असे. ईस्ट इंडिया कंपनीला या व्यापारावर आपला ताबा हवा होता. तेव्हा व्यापाऱ्यांनी माल राजस्थानातून कराचीला आणि तेथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला न्यायला सुरुवात केली. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला तेव्हा कोठे ही वाट बंद झाली. म्हणजे मुरब्यासमोरच्या याच समुद्राने अफूची गलबते पाहिलेली आहेत, आणि गंमत म्हणजे त्या काळी सरकारची तक्रार अफू विकली जाते अशी नव्हती, तर आपल्याला पट्टी न भरता विकली जाते अशी होती.

अफू म्हणजे खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर दिल्यावर येणारा चीक. सुमारे १८०५ साली झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने त्यातून मॉर्फिन वेगळे केले. अफूत मॉर्फिन साधारण दहा टक्के असते. १८७४ साली लंडनमध्ये राइट या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनच्या रेणूला दोन ॲसेटिल गट जोडले. पंचवीस वर्षांच्या आत जर्मनीतील बायर कंपनीने तेच संयुग खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले, आणि त्याला नाव दिले हेरॉइन. ते दोन गट जोडल्याने रेणू चरबीत सहज विरघळतो आणि रक्तातून मेंदूत झपाट्याने शिरतो. आत गेल्यावर ते गट गळून पडतात आणि पुन्हा मॉर्फिन उरते. म्हणजे पाहुणा तोच, फक्त वाहन वेगवान. ताडीची दारू झाली तशीच ही अफूची हेरॉइन झाली: माल लहान, मारा मोठा.

मुंबईच्या रस्त्यांवर १९८० च्या सुमारास आलेली ‘ब्राऊन शुगर’ किंवा ‘गर्द’ ही याच हेरॉइनची अशुद्ध, भुकटीसारखी जात. तिने अनेक शिकलेसवरलेल्या घरांतील मुलेही गिळली. पुण्यात डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्यांविषयी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या स्वतः मनोविकारतज्ज्ञ. केंद्राची घडी त्यांनी बसवली. इकडे दिल्लीत संसदेने त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ साली, अमली पदार्थांचा नवा कायदा केला होता. एकाच संकटाला समाजाने दिलेली ही दोन उत्तरे. वाद आहे तो या दोहोंच्या नात्याचा.

पण आधी मेंदूत काय होते ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय वादाला बूड राहणार नाही. १९७३ साली संशोधकांना असे आढळले, की मॉर्फिन जेथे जाऊन चिकटते अशा खास जागा मेंदूतील पेशींवर मुळातच असतात. कुलुपात किल्ली बसावी तसे ते तेथे बसते. आता विचार करा, खसखशीच्या किल्लीसाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला असावे? उत्तर दोन वर्षांत मिळाले. वेदना आवरण्यासाठी मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखी द्रव्ये बनवतो. ती कुलुपे त्यांच्यासाठी असतात. खसखशीची किल्ली योगायोगाने त्यांत बसते.

बाहेरची किल्ली वरचेवर येऊ लागली की मेंदू कुलुपे कमी करतो, आहेत त्यांना बोथट करतो. म्हणून पूर्वीइतक्याच मात्रेने तितका परिणाम होत नाही आणि मात्रा वाढत जाते. किल्ली एकदम बंद केली, तर मेंदूची स्वतःची द्रव्ये पुरी पडत नाहीत. अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. ज्याला आपण ‘नशेसाठी तडफडणे’ म्हणतो, त्यात सुखाची ओढ थोडी आणि या यातनेची भीती फार असते. त्यातच डोपामीन नावाचे द्रव्य आहे. भूक लागल्यावर जेवण मिळाले, मित्राने शाबासकी दिली, की मेंदूच्या एका भागात डोपामीन सुटते आणि ‘हे पुन्हा कर’ अशी नोंद होते. मादक द्रव्ये ही नोंद खोट्या सहीने करून घेतात. तुमच्या वयात तर या नोंदी फार खोल उमटतात, कारण मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत वाढतच असतो.

एक धोका मुद्दाम सांगतो. काही महिने द्रव्य सुटले की शरीराची सहनशक्ती ओसरते, पण माणसाला आठवते ती जुनीच मात्रा. तुरुंगातून सुटलेला व्यसनी पहिल्या काही दिवसांत ती जुनी मात्रा घेतो आणि श्वास थांबून मरतो. हे अनेक देशांत मोजले गेले आहे. तुरुंगात उपचार नसतील, तर शिक्षा संपण्याचा दिवस हाच सर्वांत घातक दिवस ठरतो.

याच्या उलट बाजूचीही एक नोंद आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. घरी आल्यावर त्यांतील फारच थोडे पुन्हा व्यसनात सापडले. रणांगण सुटले, माणसे बदलली, काम मिळाले, आणि बहुतेकांची ओढ गेली. म्हणजे व्यसन केवळ रेणूत नसते, भोवतालच्या परिस्थितीतही असते.

आता कायद्याचा काटा पाहू. १९८५ चा कायदा मुळात फार कठोर होता. स्वतःच्या वापरापुरता माल म्हणून हेरॉइनची मर्यादा ठरवली होती २५० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. त्याहून थोडे अधिक सापडले तर किमान दहा वर्षे तुरुंगवास. खिशात अर्धा ग्रॅम असलेला व्यसनी आणि ट्रकभर माल असलेला तस्कर हे एकाच पारड्यात. २००१ साली कायदा बदलला आणि तीन पायऱ्या आल्या: अल्प मात्रा, मधली मात्रा आणि व्यापारी मात्रा. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅमपर्यंत, व्यापारी मात्रा २५० ग्रॅमपासून पुढे. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते; व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण.

काटा आला, की काय तोलायचे हा प्रश्न आलाच. तुम्ही शेकडेवारी शिकला आहात, तेव्हा हे गणित करून पाहा. एका खटल्यात ४.०७ किलो पूड पकडली होती. तपासणीत तिच्यातील हेरॉइनचे प्रमाण एका नमुन्यात १.४ टक्के आणि दुसऱ्यात १.६ टक्के निघाले. सरासरी दीड टक्का. म्हणजे शुद्ध हेरॉइन किती? सुमारे ६० ग्रॅम. बाकीचे चार किलो भेसळ. मग आरोपी चार किलोंचा, म्हणजे व्यापारी मात्रेचा गुन्हेगार, की साठ ग्रॅमचा, म्हणजे मधल्या पायरीचा? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, शुद्ध द्रव्य मोजा. २००९ साली सरकारने अधिसूचना काढली, संपूर्ण मिश्रण मोजा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सरकारची बाजू उचलून धरली.

दोन्ही बाजूंना कारण आहे. रस्त्यावर विकला जातो तो माल भेसळीचाच असतो, तोच माणसाला मारतो, आणि शुद्ध भाग तेवढा मोजला तर विक्रेता भेसळ वाढवून सुटेल. उलट, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटल्याशिवाय राहणार नाही, की दोन ग्रॅम हेरॉइन तीनशे ग्रॅम पिठात मिसळणारा माणूस दोनशे ग्रॅम जवळजवळ शुद्ध हेरॉइन बाळगणाऱ्यापेक्षा मोठा गुन्हेगार ठरतो, वास्तविक दुसऱ्याजवळ पहिल्याच्या जवळपास शंभरपट विष आहे. मला विचाराल तर काट्याने दोन्ही आकडे नोंदवावेत आणि न्यायाधीशाने दोन्ही पाहावेत. पण हे माझे मत झाले.

काट्याची दुसरी अडचण अशी, की तो नावाने चालतो. कायद्याला जोडलेल्या यादीत ज्या संयुगाचे नाव आहे तेच गुन्ह्याचे. येथे आपण तारापूरच्या दाराशी येतो. येमेन आणि इथियोपिया या देशांत खात नावाच्या झुडपाची पाने चघळतात. त्यातील कॅथिनोन हे द्रव्य तरतरी आणते. या रेणूच्या कुटुंबातील एक माणसाने बनवलेला भाऊ म्हणजे मेफेड्रोन. ते प्रथम १९२९ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि विसरले गेले. २००० नंतर कोणी तरी जुने शोधनिबंध चाळले, आणि ते युरोपात ‘झाडांचे खत’ अशा चिठ्ठ्या लावून विकले जाऊ लागले, कारण ते कोणाच्याच यादीत नव्हते! ब्रिटनने २०१० साली त्यावर बंदी घातली. आपल्याकडे ते ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावांनी पसरले, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत यादीत आले. तोपर्यंत पोलिसांनी माल धरला तरी या कायद्याखाली खटला भरणे अवघड होते. त्याचा अंमल तास-दोन तासांत उतरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेण्याची ओढ लागते. हृदयावर आणि शरीराच्या तापमानावर त्याचा ताण पडतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी तुमच्याच जिल्ह्यातील नालासोपारा येथे सातशे किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. मुख्य आरोपी रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असल्याचे पोलिसांनी सांगितले. मालाची किंमत सांगितली गेली सुमारे १४०० कोटी रुपये. भागाकार केलात तर ग्रॅमला वीस हजार रुपये पडतात. असे आकडे बाजारातील चढ्या भावाने लावलेले असतात. बनवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि मधल्या दरीतच या धंद्याचे सारे बळ आहे. मेफेड्रोनची व्यापारी मात्रा ५० ग्रॅम. सातशे किलो म्हणजे तिच्या चौदा हजारपट. पण काटा पन्नास ग्रॅमलाच टोकाला टेकतो. त्यापुढे शिक्षेची चौकट तीच.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील काम करतात, तुम्हीही कराल. ॲसेटिक अनहायड्राइडसारखे द्रव्य अनेक औषधांना आणि रंगांना लागते, पण तेच वाममार्गाला जाऊ शकते म्हणून कायद्याने ते ‘नियंत्रित पदार्थ’ ठरवले आहे. किती आले, किती वापरले, किती उरले, याची वही ठेवावी लागते. भांडारात बसून ती वही नीट लिहिणारा कारकून छापा घालणाऱ्या फौजदाराइतकेच महत्त्वाचे काम करत असतो.

नावाच्या यादीला कंटाळून ब्रिटनने २०१६ साली उलटा मार्ग धरला. मेंदूवर परिणाम करणारे कोणतेही द्रव्य विकणे हा गुन्हा ठरवला. मग दारू, तंबाखू, चहा-कॉफी यांना अपवाद लिहावे लागले. कोणती नशा समाजाला मान्य आणि कोणती नाही, हे रसायनशास्त्र ठरवत नाही, एवढे त्यावरून दिसते. आपल्याकडेही गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, तो गुन्ह्याचा. पण त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे.

आता मुख्य वाद. बंदीच्या बाजूचे लोक म्हणतात, माल दुर्मिळ आणि महाग झाला की नवे व्यसनी कमी होतात. हे खोटे नाही. अमेरिकेतील दारूबंदीच्या पहिल्या वर्षांत यकृत खराब होऊन मरणारांची संख्या घटली होती. आणि बंदीची मागणी नेहमी वरून येते असेही नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती गावोगावच्या स्त्री-पुरुषांच्या चळवळीतून. नवऱ्याने मजुरी दारूत घातल्यावर चूल कशी पेटवायची हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिच्या मागणीला ‘अशास्त्रीय’ म्हणणे मला जमणार नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. चोरटी दारू वाढली हे कारण सरकारने दिले.

दुसऱ्या बाजूचे लोक पोर्तुगालकडे बोट दाखवतात. तेथे २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ असणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. विक्री गुन्हाच राहिली. सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी एका छोट्या समितीपुढे नेतात आणि उपचाराकडे वळवतात. सुयांमधून पसरणारा एड्सचा संसर्ग तेथे खूप घटला. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२० साली मतदानाने असाच मार्ग धरला, पण उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही, रस्त्यांवर नशा वाढल्याची ओरड झाली, आणि २०२४ साली त्यांनी तो निर्णय फिरवला. एकच औषध दोघांना दिले, पण पथ्य एकानेच पाळले.

कठोर कायद्याने आणखी एका माणसाचे नुकसान केले, आणि त्याचा नशेशी काही संबंध नव्हता. कर्करोगाच्या अखेरच्या वेदनांवर मॉर्फिनसारखे गुणकारी औषध क्वचितच. अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात आणि शेजारच्या राजस्थानात, सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ नंतर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले, की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातील त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून ही वाट मोकळी केली. मधल्या एकोणतीस वर्षांत किती माणसे विनाकारण कण्हत गेली, त्याची नोंद कोणत्याही काट्यावर नाही.

आपल्या कायद्यात उपचाराची दारे मुळीच नाहीत असे समजू नका. कलम ३९ नुसार न्यायाधीश व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारास पाठवू शकतो. कलम ६४ अ म्हणते, की नशा केल्याचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालवू नये. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. अडचण आहे ती रुग्णालयाची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसली तरी मदत मिळालेली असते.

उपचारालाही आज रसायनशास्त्राची साथ आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाचे औषध मॉर्फिनच्या कुलपात अर्धवट बसते. कुलूप रिकामे राहत नाही म्हणून यातना होत नाहीत, आणि पुरते उघडत नाही म्हणून नशाही चढत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे घेणारा माणूस कामावर जाऊ शकतो, होडीवर चढू शकतो, पाळीला कारखान्यात हजर राहू शकतो. ‘एका नशेऐवजी दुसरी दिली’ असे म्हणून पुष्कळ लोक नाक मुरडतात. मधुमेह्याला रोज इन्शुलिन टोचताना मात्र तसे कोणी म्हणत नाही.

तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाचा मोठा भाऊ उद्या असा सापडला, तर घरचे लोक बहुधा पहिल्यांदा गोष्ट लपवतील, मग देवऋषाकडे जातील, आणि पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडे सर्वांत शेवटी. शिक्षकांनी वर्गात एकदा विचारून पाहावे, कलम ६४ अ किती जणांनी ऐकले आहे. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांक १४४४६ आहे. त्या फोनला पैसे पडत नाहीत.